मीटर पैसे गिळतो तेव्हा

ब्रिटनमधल्या वाचकांकडून वीज आणि गॅसच्या थकबाकीबद्दल, त्यातही आधी पैसे भरून चालवायच्या (प्रीपेमेंट) मीटरबद्दल, बरेच प्रश्न आले आहेत. त्यांतले सहा या अंकात घेतले आहेत. उत्तरं इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडपुरती आहेत. उत्तर आयर्लंडचा नियामक वेगळा आणि नियमही वेगळे.

प्रश्न : भाड्याच्या फ्लॅटमध्ये नुकतेच राहायला आलो. विजेचा मीटर किल्लीचा आहे. ड्रॉवरमध्ये सापडलेली किल्ली दुकानात नेऊन २० पौंड भरले, पण मीटरमध्ये घातल्यावर शिल्लक ११ पौंड ५० पेन्सच दिसली. बाकीचे पैसे गेले कुठे? – एक वाचक, स्लाउ

आधीच्या भाडेकरूच्या खात्यावर. या मीटरमध्ये थकबाकी वसूल करायचा आठवड्याचा आकडा आधीच बसवलेला असतो, आणि ती किल्ली त्याच खात्याला बांधलेली असते. तुमच्या बाबतीत हिशोब साधारण असा असावा : जुन्या थकबाकीचा आठवड्याचा हप्ता ५ पौंड, जाता जाता त्या माणसाने वापरलेलं आणीबाणीचं क्रेडिट (शिल्लक संपल्यावर मीटर उसनं देतो ते) ३ पौंड ५० पेन्स. वीस वजा साडेआठ, उरले साडेअकरा. मीटरवरचं बटण दाबत गेलात की एकामागून एक आकडे येतात : शिल्लक, प्रतियुनिट दर, एकूण थकबाकी, आठवड्याची वसुली. कुठला पडदा कशाचा, हे मीटरच्या बनावटीप्रमाणे बदलतं. म्हणून प्रत्येक पडद्याचा फोटो काढा आणि अर्थ कंपनीलाच विचारा.

दुसऱ्याचं देणं तुमच्यावर येत नाही. ज्या दिवशी घराचा ताबा मिळाला त्या दिवसापासूनच्या वापरापुरते तुम्ही बांधील. पण कंपनीला कळवलंच नाही, तर मीटरला माणूस बदलल्याचं कळायला मार्ग नाही, तो कापत राहणार. तेव्हा आजच फोन करा. हाताशी तीन गोष्टी ठेवा : भाडेकराराची पहिली तारीख, त्या दिवसाचं किंवा निदान आजचं रीडिंग, आणि २० पौंडांची पावती. मागायच्याही तीनच : तुमच्या नावाने नवी किल्ली, मीटरवरची जुनी थकबाकी काढून टाकणं, आणि कापले गेलेले साडेआठ पौंड परत. नवी किल्ली येईपर्यंत जुन्या किल्लीत एकदम पन्नास-शंभर भरू नका, दोन-तीन दिवस निघतील एवढेच भरा. घरात अंधार होत असेल तर तसं स्पष्ट सांगा आणि किल्ली आज कुठून मिळेल ते विचारा.

कंपनी कुठली तेच ठाऊक नसेल तर गॅससाठी ऑनलाइन शोधसेवा आहे, आणि विजेसाठी त्या भागातलं तारांचं जाळं सांभाळणारी संस्था सांगते. त्या संस्थेला जोडून देणारा क्रमांक १०५. घरमालकाला विचारायला हरकत नाही, पण त्याचं उत्तर दोन कंपन्यांपूर्वीचं निघू शकतं.

नव्या घरात काहीही न करता तुम्ही आपोआप त्या कंपनीच्या मूळ दरावर येता. ते करारात अडकणं नव्हे. कंपनी हवी तेव्हा बदलता येते, दंड पडत नाही.

प्रश्न : हिवाळ्यात बिलं तुंबली. आता ६२० पौंड देणं आहे. कंपनीचं पत्र आलंय की पैसे भरा, नाहीतर टॉप-अपचा मीटर बसवू. घरात चौदा महिन्यांचं बाळ आहे आणि बायकोची नोकरी सध्या बंद आहे. ते दार तोडून घरात शिरू शकतात का? – एक वाचक, लेस्टर

तुमच्या घरात नाही. कारण ते बाळ.

२०२३ च्या सुरुवातीला गरजू लोकांच्या घरात घुसून मीटर बसवल्याची प्रकरणं वर्तमानपत्राने उघडकीला आणली आणि सगळ्याच कंपन्यांना जबरदस्तीने मीटर बसवणं थांबवावं लागलं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपासून ऑफजेम या नियामकाने त्याचे नियम परवान्यातच घातले. दोन वर्षांखालचं मूल, पंच्याहत्तरी ओलांडलेली आणि घरात आधार नसलेली व्यक्ती, विजेवर चालणाऱ्या वैद्यकीय उपकरणावर अवलंबून असलेला माणूस, दुर्धर आजारी, किंवा स्वतः टॉप-अप करू न शकणारी मंडळी असलेलं घर, अशा ठिकाणी संमतीशिवाय हा मीटर बसवता येत नाही. आधीपासून असलेला स्मार्ट मीटर दूरवरून प्रीपेमेंटवर वळवणं हेही जबरदस्तीतच मोडतं, आणि त्यालाही हेच नियम लागू आहेत. हा मुद्दा मुद्दाम सांगतो, कारण त्याला दार उघडावं लागत नाही आणि वॉरंटही लागत नाही. सकाळी उठून बघावं तर मीटर बदललेला.

बाकीच्या घरांसाठीही वाट सोपी ठेवलेली नाही. कंपनीने आधी किमान दहा वेळा संपर्काचा प्रयत्न केला पाहिजे, घरी येऊन परिस्थिती पाहिली पाहिजे, मग मॅजिस्ट्रेटकडून वॉरंट. बसवणाऱ्याने चित्रण किंवा ध्वनिमुद्रण करायचं, आणि प्रत्येक मीटरवर ३० पौंडांचं क्रेडिट ठेवायचं. वॉरंटचा खर्च ग्राहकावर टाकायला वर्षाला १५० पौंडांची मर्यादा आहे.

पण कंपनीला बाळाबद्दल माहिती हवी ना? पत्राला उत्तर न देणं ही यातली सर्वांत महागडी चूक. आजच ईमेल करा, फोनवर भागवू नका. चार ओळी पुरतात : घरात चौदा महिन्यांचं मूल आहे, एकाचं उत्पन्न बंद आहे, प्रीपेमेंट मीटरला आमची संमती नाही, प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरमध्ये नाव घाला. हे रजिस्टर म्हणजे जादा मदत लागणाऱ्या ग्राहकांची कंपनीकडची यादी, आणि ते फुकट आहे. पाच वर्षांखालची मुलं, निवृत्तीच्या वयाची माणसं, आजारी, अगदी इंग्रजी नीट न येणारी माणसंही त्यात बसतात. भारतातून येऊन राहिलेल्या आईवडिलांसाठी शेवटचं कारण उपयोगी.

आता ६२० पौंडांचं. मीटर टळला म्हणून देणं टळत नाही. इथे बहुतेक जण घाबरून चुकतात : कंपनीचा माणूस फोनवर ‘महिन्याला ६० जमतील ना?’ म्हणतो, हे ‘हो’ म्हणून मोकळे होतात, दुसऱ्या महिन्यात हप्ता चुकतो, आणि मोडलेली बोली नोंदीला लागते. हप्ता तुमच्या ऐपतीवर ठरवणं ही कंपनीच्या परवान्याची अट आहे, मेहरबानी नाही. फोनआधी कागदावर मांडा : हातात येणारा पगार, भाडं, कौन्सिल टॅक्स, किराणा, प्रवास, बाळाचा खर्च आणि चालू महिन्याची वीज-गॅस. उरलं त्यातलं किती देता येईल तो आकडा. समजा आठवड्याला ५ पौंड निघाले, तर ६२० फिटायला १२४ आठवडे, म्हणजे दोन वर्षं आणि साडेचार महिन्यांच्या आसपास. ऐकायला लांब वाटतं. पण जो हप्ता शेवटपर्यंत जातो तोच खरा. कंपनीला नाही पटला तर हिशोबाचा कागद जोडून ‘यापेक्षा जास्त कुठून द्यायचे ते दाखवा’ असं लेखी विचारा.

आणि एक, बिल नीट वाचा. ते अंदाजे रीडिंगवर आहे की प्रत्यक्ष? इंग्रजी ‘ई’ अक्षर असेल तर अंदाज. मीटर पाहून खरं रीडिंग पाठवा. कित्येकदा ‘थकबाकी’तला मोठा भाग तिथेच वितळतो. कधी वाढतोही, त्याची तयारी ठेवा. कंपनीच्या चुकीने बिलच आलं नसेल आणि आता एकदम मागचं सगळं आलं असेल, तर बिलाच्या तारखेच्या बारा महिन्यांआधीच्या वापराचे पैसे त्यांना मागता येत नाहीत. मात्र बिल वेळेवर आलं आणि तुम्ही ते भरलं नाही, किंवा रीडिंगला घरात येऊ दिलं नाही, तर हा नियम कामाला येत नाही.

इंग्लंड-वेल्समध्ये ‘ब्रीदिंग स्पेस’ नावाची सोयही आहे : साठ दिवस व्याज, दंड आणि वसुलीची कारवाई थांबते. थेट अर्ज करता येत नाही, कर्जसल्लागारामार्फत किंवा कौन्सिलमार्फत जावं लागतं. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस, स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन इथला सल्ला फुकट असतो. त्या साठ दिवसांत चालू बिल मात्र भरत राहायचं, आणि बारा महिन्यांत ही सोय एकदाच. देणं एकट्या विजेचं असेल तर ती वापरून टाकू नका. क्रेडिट कार्ड, भाडं, कर्ज असं सगळंच अंगावर आलं असेल तर ठेवणीतलं हत्यार म्हणून बरी.

प्रश्न : उन्हाळ्यात गॅस लागलाच नाही, म्हणून टॉप-अप केला नाही. ऑक्टोबरमध्ये कार्डावर २० पौंड भरले, तरी हीटिंग सुरू होईना. मीटर बिघडलाय का? – एक वाचक, बर्मिंगहॅम

मीटर धडधाकट आहे. स्टँडिंग चार्ज, म्हणजे जोडणीचा स्थिर आकार, रोज चालू असतो, शेगडी पेटो वा न पेटो. दर दिवसाला ३३ पेन्स धरा. १४० दिवसांचे झाले ४६ पौंड २० पेन्स. तुमचे २० त्यात जिरले, अजून २६ पौंड २० पेन्स भरेपर्यंत मीटर उणेमध्येच. त्यात जुन्या थकबाकीचा हप्ता लागलेला असेल तर तोही आठवड्यांप्रमाणे साठत गेला असणार.

एकदम भरणं जमत नसेल तर कंपनीला फोन करून ही साठलेली रक्कम काही आठवड्यांत विभागून घ्या, आणि घर आत्ता गार आहे, हेही सांगा. आणीबाणीच्या क्रेडिटशिवाय ‘अ‍ॅडिशनल सपोर्ट क्रेडिट’ नावाची जास्तीची रक्कम अडचणीतल्या ग्राहकांना द्यायचं बंधन कंपन्यांवर डिसेंबर २०२० पासून आहे. शब्द नेमका वापरा, नाहीतर समोरचा साध्या आणीबाणीच्या क्रेडिटबद्दलच बोलत बसतो. ते बक्षीस नव्हे, परत फेडायचं असतं. म्हणून घेतानाच विचारा : आठवड्याला किती कापणार?

पुढच्या मे महिन्यापासून आठवड्याला अडीच पौंड टाकत राहा. सात दिवसांचे २ पौंड ३१ पेन्स होतात, थोडं वरच उरेल.

प्रश्न : स्मार्ट मीटर आहे. ऑफिसात असताना गॅस संपल्याचा मेसेज आला. तिथूनच अ‍ॅपवर १५ पौंड भरले, खात्यातून गेले, पण घरी आल्यावर पाणी थंडच. – एक वाचक, हॅरो

दोन कारणं. गॅसचा स्मार्ट मीटर बॅटरीवर चालतो. बॅटरी वर्षानुवर्षं टिकावी म्हणून तो सतत जागा नसतो, अर्ध्या तासातून एकदा जागा होऊन निरोप घेतो. त्यामुळे पैसे पोचायला तीसेक मिनिटं लागणं हे बिघाडाचं लक्षण नाही. दुसरं कारण महत्त्वाचं : पैसे पोचले तरी झडप आपणहून उघडत नाही. घरात कोणी नसताना आणि शेगडीचं बटण उघडं राहिलेलं असताना गॅस सुटला तर काय होईल, याचा विचार करून ती तशी ठेवली आहे. आधी शेगडी, बॉयलर सगळं बंद असल्याची खात्री करा, मग मीटरवर किंवा घरातल्या छोट्या डिस्प्लेवर पुरवठा सुरू करायचं विचारलं जातं, तिथे बटण दाबून होकार द्या. विजेच्या मीटरलाही पुरवठा तुटल्यावर असाच होकार लागतो.

अर्धा-पाऊण तास उलटूनही शिल्लक बदलली नाही तर सिग्नल पोचलेला नाही. पावतीवर किंवा अ‍ॅपमध्ये वीस आकडी कोड असतो, तो मीटरच्या बटणांनी हाताने भरायचा. मीटर कपाटात खाली असतो आणि आकडे बारीक, म्हणून कोड चार-चारच्या गटात कागदावर लिहून घ्या. विजेचा कोड गॅसच्या मीटरला चालत नाही, आणि घाईत नेमकी हीच गल्लत होते.

गॅसचा वास आला तर हे सगळं सोडा. खिडक्या उघडा, बाहेर या, ०८०० १११ ९९९ वर फोन करा.

प्रश्न : आमच्या व्हिसावर ‘सरकारी निधीचा हक्क नाही’ असा शेरा आहे. बिलासाठी मदत मागितली तर व्हिसा धोक्यात येईल या भीतीने गप्प आहोत. प्रीपेमेंट मीटर महाग पडतो म्हणतात, तेही खरं का? – एक वाचक, ग्लासगो

शेऱ्याचा अर्थ गृहखात्याच्या यादीतले लाभ घ्यायचे नाहीत, एवढाच. युनिव्हर्सल क्रेडिट त्या यादीत आहे. तुमच्या वीज कंपनीशी हप्ता ठरवणं, अ‍ॅडिशनल सपोर्ट क्रेडिट, प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टर, कंपनीचा स्वतःचा मदतनिधी, धर्मादाय संस्थेचं इंधन व्हाउचर, कर्जाबद्दलचा मोफत सल्ला, यांतलं काहीच त्या यादीत नाही. निर्धास्त मागा. इंधन व्हाउचर साधारणपणे सल्लाकेंद्र किंवा फूडबँकेच्या शिफारशीने मिळतं आणि दुकानात जाऊन मीटरवर चढवता येतं.

कौन्सिलच्या किंवा स्कॉटलंड सरकारच्या आपत्कालीन निधीचं मात्र तसं नाही. त्यांतले काही यादीत मोडतात. अर्ज करण्याआधी इमिग्रेशनच्या अधिकृत सल्लागाराला विचारा, नंतर नव्हे. हिवाळ्यात मिळणारी १५० पौंडांची वॉर्म होम डिस्काउंट सवलत लाभ घेणाऱ्या कुटुंबांशी जोडलेली असल्याने बहुधा तुमच्या वाट्याला येणार नाही. त्यावर वेळ घालवू नका.

महाग पडतो, हे आता जुनं झालं. जुलै २०२३ पासून प्रीपेमेंटवरचा जादा भार काढला, आणि एप्रिल २०२४ मध्ये स्टँडिंग चार्जमधला फरकही मिटवला. नियामकाच्या दरमर्यादेत आज प्रीपेमेंटचा दर थेट बँकेतून जाणाऱ्या बिलापेक्षा किंचित कमीच बसतो. तीन महिन्यांनी येणारं बिल हाताने भरणारे सगळ्यांत जास्त देतात. आमचं मत विचाराल तर या मीटरचा तोटा दरात नाही. बिलवाल्याचे पैसे कमी पडले की त्याला पत्र येतं. टॉप-अपवाल्याचे कमी पडले की थेट दिवाच जातो. म्हणून लहान मूल किंवा आजारी माणूस असलेल्या घराने ‘हिशोबात राहायला बरा’ एवढ्यावर तो आपणहून घेऊ नये.

थकबाकी असली तरी कंपनी बदलता येते, हे या मीटरवाल्यांना सहसा सांगितलं जात नाही. एका इंधनामागे ५०० पौंडांपर्यंतचं देणं नव्या कंपनीकडे वर्ग होतं. देणं कायम राहतं, दर बदलतो.

तक्रारीचं : कंपनीकडे लेखी तक्रार, तिच्यावर तारीख. आठ आठवड्यांत निकाल नाही लागला किंवा त्याआधीच ‘यापुढे काही करू शकत नाही’ असं पत्र आलं, की एनर्जी ओम्बड्समनकडे, म्हणजे तक्रारींचा स्वतंत्र निवाडा करणाऱ्या संस्थेकडे, जाता येतं. फी नाही. निर्णय तुम्ही मान्य केलात तर कंपनीवर बंधनकारक, तुम्हाला मात्र नाकारायची मुभा.

प्रश्न : आमच्या घरात सहा खोल्या, प्रत्येक खोलीला घरमालकाने लावलेला छोटा टॉप-अप मीटर. युनिटचा दर तोच ठरवतो. हे चालतं का? – एक विद्यार्थी, शेफिल्ड

मीटर लावणं चालतं, हवा तो दर चालत नाही. घरमालक ज्या दराने युनिट विकत घेतो त्याच दराने त्याने विकायचं, ५ टक्के व्हॅट धरून, आणि मूळ स्टँडिंग चार्जचा तुमच्या वाट्याचा भाग वेगळा. त्याच्या बिलाची प्रत लेखी मागा, त्यावरचा प्रतियुनिट दर तुमच्या मीटरच्या दराशेजारी ठेवा. जास्त घेतलेले पैसे गरज पडल्यास दिवाणी न्यायालयातल्या छोट्या दाव्यांत मागता येतात. भाड्यातच वीज धरलेली असेल तर ही मर्यादा लागू नाही. आणि वर सांगितलेली आणीबाणीच्या क्रेडिटची वगैरे बंधनं वीज कंपन्यांवर आहेत, खोलीतल्या या मीटरला ती लागत नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी शिल्लक बघून ठेवा. घरमालक शनिवारी फोन उचलेलच असं नाही.